घोडे, पास्कल आणि सीटखालचा चिवडा

प्रत्येक मोटारगाडीत दोन गाड्या असतात. एक बाहेरची, ती लोकांची. आणि एक आतली, ती आपली. बाहेरच्या गाडीची काळजी आमच्या सोसायटीत रोज पहाटे घेतली जाते. बादली आणि दोन फडकी घेऊन एक मुलगा येतो आणि आपण चहाला बसेपर्यंत बोनेटमध्ये बघून भांग पाडता येईल इतपत चकाकी आणून निघून जातो. महिन्याच्या ठरलेल्या पैशांत आठवड्यातून एकदा गाडी आतूनही झाडून द्यायची, असा करार आहे. फक्त त्या दिवशी किल्ली खाली नेऊन द्यायची असते, आणि ती कोणी नेऊन द्यायची यावर घरात एकमत होईपर्यंत तो मुलगा पुढच्या इमारतीत गेलेला असतो. म्हणून आमची गाडी बाहेरून शोरूमची राहते आणि आतून हळूहळू घरची होत जाते.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं, की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "गाडीसाठी एक छोटासा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन टाकू या का?" यानंतर जी चर्चा होते तेवढी आम्ही फ्लॅट घेतानाही केली नव्हती.

माझं या बाबतीत ठाम मत असं, की हा प्रश्न दुकानात नेण्याआधी मागच्या सीटपुढे मांडावा. कचरा ठरल्याशिवाय यंत्र ठरत नाही, आणि कचऱ्याच्या बाबतीत प्रत्येक घराण्याची गायकी वेगळी असते.

आमच्याकडे सगळ्यात वरचा थर चिवड्याचा. गाडी टोलनाका ओलांडते न ओलांडते तोच मागून डबा उघडल्याचा आवाज येतो. पोहे हलके, ते कुठल्याही यंत्राला वश होतात. डाळं मात्र गोल असल्यामुळे घरंगळत सीटच्या लोखंडी पट्टीखाली जाऊन बसतं. खोबऱ्याचा काप तेलकट, तो कार्पेटला धरून राहतो. त्याखालचा थर देवदर्शनाचा. अक्षता, अंगारा, साखरफुटाणे आणि नारळाच्या शेंडीचे केस. हे केस सीटच्या कापडात असे विणले जातात की ते कारखान्यातूनच आले असावेत असं वाटतं. दसऱ्याला आरशाला बांधलेल्या झेंडूच्या पाकळ्या दिवाळीपर्यंत पायाखाली येत राहतात. विसर्जनाहून येताना ढोलवाला भाचा मागे बसला असेल तर गुलालही येतो, आणि तो पुढच्या गणपतीपर्यंत मुक्काम करतो.

त्याखाली समुद्र. गुहागर, दिवेआगर, तारकर्ली, जिथे म्हणून गाडी गेली तिथली वाळू तिने आणलेली असते. समुद्रावरून परतताना पाय झटकून गाडीत बसा, असं मी सगळ्यांना बजावतो. सगळे झटकतात. गाडीत बसल्यावर.

आणि शेवटी ती फट. ड्रायव्हरची सीट आणि हँडब्रेक यांच्यामधली. तिथे हात आत जातो, पण मनगटावर घड्याळ असेल तर बाहेर यायला वेळ घेतो. सुटी नाणी, पेनाची टोपणं, कुंकवाची पुडी आणि टोलच्या पावत्या या फटीत असतात. फास्टॅग फेब्रुवारी 2021 मध्ये सक्तीचा झाला, पण त्या फटीला हे अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

आता यातली गोम अशी, की या प्रत्येक थराला वेगळा उपाय लागतो. चिवड्याला कसलाही व्हॅक्यूम चालतो. वाळू जड असते आणि कार्पेटच्या मुळाशी जाऊन बसते. तिला आधी ब्रशने हुसकावल्याशिवाय ती वर येत नाही. गुलालासाठी ओढण्याचा जोर लागत नाही, लागतो तो चांगला फिल्टर. नाहीतर यंत्राच्या तोंडातून आत गेलेला गुलाल पाठीमागच्या जाळीतून बाहेर येतो आणि आपण वर्षातून दुसऱ्यांदा मिरवणुकीत उभे राहतो. शेंडीच्या केसांना आणि कुत्र्याच्या केसांना ओला रबरी हातमोजा हे उत्तर आहे. तो सीटवरून एका दिशेने ओढला की केसांची सुरळी होऊन हातात येते. पावसाळ्यातल्या चिखलाला तर यंत्रच नको. चिखल वाळू द्यावा. घाईने ओल्या चिखलावर साधा व्हॅक्यूम फिरवला, तर चिखल तिथेच राहतो, फिल्टरचा मात्र लेप होतो आणि पुढे महिनाभर गाडीत ओढ्याचा वास येतो.

एवढा अभ्यास करून दुकानात जावं, तर तिथला विक्रेता यातलं काहीच विचारत नाही. तो आकडे सांगतो.

"सर, हा नऊ हजार पास्कल. हा बारा हजार. आणि हा बघा, सोळा हजार."

"पण यातला वाळू कुठला काढेल?"

"सर, सोळा हजार आहे!"

पास्कल हे दाबाचं एकक. ते 1971 साली अधिकृत झालं, पण ज्यांच्या नावाने झालं ते ब्लेझ पास्कल सतराव्या शतकातले. हवेला वजन असतं आणि उंचावर गेलं की हवेचा दाब कमी होतो, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी पाऱ्याची नळी घेऊन डोंगर चढणं आवश्यक होतं. पास्कल प्रकृतीने नाजूक होते आणि पॅरिसमध्ये होते. म्हणून त्यांनी आपल्या बहिणीच्या नवऱ्याला पत्र लिहिलं. त्या सज्जन गृहस्थांनी सप्टेंबर 1648 मध्ये महाबळेश्वरहून थोडा उंच असलेला प्वी द डोम नावाचा डोंगर पाऱ्यासकट चढून दाखवला. पारा आठेक सेंटिमीटर उतरला. शास्त्राला सिद्धांत मिळाला, एककाला पास्कलांचं नाव मिळालं आणि मेहुण्यांना बहुधा पायांत गोळे मिळाले. आमच्या मेहुण्यांना हा किस्सा मी मुद्दाम सांगितला. त्यांना तो फारसा आवडला नाही.

तर हा आकडा वाचायचा कसा? समुद्रसपाटीला हवेचा दाब 1,01,325 पास्कल असतो. व्हॅक्यूम क्लीनर प्रत्यक्षात काही ओढत नाही. तो आपल्या पोटातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा त्या रिकाम्या जागेकडे धावते. धावताना ती पोहे सोबत नेते. काम सगळं बाहेरच्या हवेचं, नाव मोटरचं. म्हणजे जगातलं उत्तमातलं उत्तम यंत्र पूर्ण निर्वात करू शकलं, तरी त्याचा आकडा 1,01,325 च्या पुढे जाणार नाही. एखाद्या खोक्यावर त्याहून मोठा आकडा दिसला, तर विक्रेत्याला नमस्कार करून निघावं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच असल्यामुळे तिथे ही मर्यादा आणखी सहा-सात टक्के खाली येते. पुणेकराच्या मताचा दाब पडतो, हवेचा मुंबईपेक्षा कमीच पडतो.

शिवाय खोक्यावरचा पास्कलचा आकडा मोजतात तो नळीचं तोंड पूर्ण बंद करून. हवा वाहत नाही, धूळ हलत नाही, तेव्हा आकडा सगळ्यात मोठा येतो. तोंड उघडून यंत्र कामाला लागलं की आकडा उतरतो. काहीही करायचं नसताना क्षमता सर्वाधिक असणं, हे मला सरकारी समित्यांमुळे परिचयाचं होतं. घरगुती उपकरणांतही ते आहे हे नव्याने कळलं. कचरा उचलण्यासाठी दाब आणि वाहणारी हवा ही दोन्ही एकाच वेळी लागतात. वाहणाऱ्या हवेचा आकडा मात्र गाडीच्या छोट्या यंत्रांच्या खोक्यावर सहसा छापलेला नसतो. तो विचारावा. विक्रेता आतल्या माणसाला हाक मारतो. आतला माणूस जेवायला गेलेला असतो.

अमेरिकन खोक्यांवर पास्कलऐवजी घोडे असतात. सहा हॉर्सपॉवर, साडेसहा हॉर्सपॉवर. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे 746 वॅट. त्यांच्याकडच्या घरातल्या साध्या प्लगमधून जेमतेम 1800 वॅट मिळतात, म्हणजे अडीच घोडेही पुरते येत नाहीत. उरलेले चार घोडे जाहिरात खात्याच्या तबेल्यातले. पण या यंत्राच्या इतिहासात घोड्यांचा राबता पहिल्यापासूनच आहे, त्यामुळे मी त्यांना फार दोष देत नाही.

ह्यूबर्ट सेसिल बूथ हे इंग्रज अभियंता. 1901 च्या सुमारास लंडनमध्ये त्यांनी एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते यंत्र हवा फुंकून धूळ उडवायचं. उडालेली धूळ थोड्या वेळाने पुन्हा तिथेच बसायची. फुंकण्याऐवजी ओढा ना, असं बूथ म्हणाले. ते शक्य नाही, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल अंथरला, त्याला तोंड लावलं आणि श्वास ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूला काळं वर्तुळ उमटलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसांना काय वाटलं असेल ते असो, व्हॅक्यूम क्लीनरचा शोध लागला. पण बूथ यांचं यंत्र एवढं अवाढव्य झालं की ते घोडागाडीवर लादून आणावं लागे. घोडे यंत्र दारात उभं करत, माणसं लांबलचक नळ्या खिडकीतून घरात सोडत, आणि त्याच्या पेट्रोल इंजिनाच्या आवाजाने रस्त्यावरून जाणारे दुसऱ्यांचे घोडे बुजत. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतला गालिचा याच यंत्राने साफ केला.

हे यंत्र हातात मावेल एवढं केलं ते एका सफाई कामगाराने. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर हे एका दुकानात झाडलोट करायचे. त्यांना दमा होता, झाडूने उडणारी धूळ सोसत नव्हती. त्यांनी पंख्याची मोटर, एक पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून आपल्यापुरतं यंत्र केलं आणि 1908 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पैसे संपल्यावर ते हक्क त्यांनी विल्यम हूवर यांना विकले. हूवर यांचा धंदा चामड्याचा होता. घोड्यांची खोगिरं आणि सरंजाम ते करत. रस्त्यावर मोटारी आल्या आणि घोडे जाऊ लागले, तसा त्यांना नवा धंदा शोधणं भाग पडलं. म्हणजे मोटारींनी खोगीरवाल्याला व्हॅक्यूमवाला केला, आणि शंभराहून अधिक वर्षांनी त्याच मोटारीच्या सीटखालून डाळं काढण्यासाठी आपण त्याच्या वंशातलं यंत्र शोधत फिरतो आहोत. पुढे 1979 मध्ये ब्लॅक अँड डेकरने बिनवायरीचा 'डस्टबस्टर' आणला. या कंपनीने अपोलोच्या चांद्रवीरांसाठी बॅटरीवरचं ड्रिल केलं होतं. कमी विजेत मोटर कशी चालवायची, हे त्या कामात जे हाती लागलं ते इथे उपयोगी पडलं. चंद्रावरची माती काढण्याचा अनुभव असलेल्या कंपनीच्या यंत्राने चिवड्यापुढे हात टेकावे, हे आमच्या घरच्या चिवड्याला भूषणच आहे.

आमच्या मेहुण्यांचं मत मात्र बूथ यांच्या आधीचं आहे. ते फुंकरवादी. "ओढत काय बसता? ब्लोअर घ्या. चारही दारं उघडायची आणि मारायची हवा." गॅरेजमध्येही असंच करतात. हवेचा फवारा मारला की धूळ जाते. कुठे जाते, ते विचारायचं नसतं. थोडी एसीच्या जाळीत जाते, थोडी शेजारच्यांच्या नुकत्याच पुसलेल्या गाडीवर. फुंकरीचा एक उपयोग मात्र खरा आहे. बटणांच्या कडा, सीटच्या शिवणी आणि एसीच्या पट्ट्या इथे कोणतंच नोझल पोचत नाही. तिथली धूळ हवेने उडवून दुसऱ्या हाताने लगेच ओढून घ्यावी. हे मी मेहुण्यांना सांगितलेलं नाही. त्यांना ते समर्थन वाटेल.

एवढं सगळं झालं तरी निर्णय यातल्या कशावरच होत नाही. तो होतो पार्किंगमधल्या प्लगवर. बंगलेवाल्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. फ्लॅटवाल्याची गाडी तळघरात किंवा स्टिल्टखाली, आणि तो स्वतः तिसऱ्या मजल्यावर. खाली प्लग असतो तो वॉचमनच्या केबिनमध्ये, त्यावर त्याचा मोबाईल आणि पंखा. कोणी पार्किंगमधल्या सामाईक प्लगला व्हॅक्यूम लावला तर पुढच्या सभेत विषय निघतो. हजार वॅटचा व्हॅक्यूम अर्धा तास चालवला तर अर्धा युनिट वीज जाते. त्या अर्ध्या युनिटावर आमच्याकडे जेवढा वेळ खर्च झाला, तेवढ्यात तळघराचीही सफाई झाली असती. विजेवरच्या गाड्यांचं चार्जिंग हा त्याच सभेतला पुढचा विषय होता, त्यामुळे व्हॅक्यूमवाले त्या दिवशी थोडक्यात सुटले.

प्लग नाही म्हटलं की माणूस गाडीतल्याच सॉकेटकडे वळतो. हे 12 व्होल्टचं भोक मुळात सिगारेट पेटवण्यासाठी केलेलं. सिगारेट गेली, भोक राहिलं. त्याच्या झाकणावर बहुतेक गाड्यांत बारीक अक्षरांत 120 वॅट असं लिहिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. 12 व्होल्ट गुणिले 10 अँपिअर, एवढाच त्याचा जीव. जास्त ओढलं तर फ्यूज उडतो. घरचा व्हॅक्यूम हजार-बाराशे वॅटचा असतो. म्हणजे सॉकेटवर चालणाऱ्या यंत्राला घरच्या यंत्राच्या दहाव्या हिश्शात संसार करायचा असतो. खोक्यावर कितीही पराक्रम छापलेला असो, ही मर्यादा भोकाची आहे. पोहे, पाकळ्या, बिस्किटाचा चुरा हे ते यंत्र आनंदाने नेईल. गुहागर नेणार नाही.

बॅटरीवाल्याला वायरीची कटकट नाही आणि सॉकेटची मर्यादाही नाही, पण त्याला वेळेची आहे. पूर्ण जोरावर ते पाव तासाच्या आसपास चालतं. त्या वेळात पुढच्या दोन सीट होतात आणि मागची सीट पुढच्या रविवारवर जाते. शिवाय ते गाडीत ठेवून द्यायची सवय असते, कारण ते गाडीचं. वैशाखात उन्हात उभी असलेली बंद गाडी आतून साठ अंशांच्या पुढे तापते आणि लिथियमच्या बॅटरीला ती भट्टी मानवत नाही. नागपूर-चंद्रपूरकडच्या लोकांनी तर ते घरातच ठेवावं.

राहिला ड्रमवाला, ओलं-सुकं दोन्ही ओढणारा. दहा-पंधरा लिटरचा डबा, चाकं, जाड नळी. वॉशिंग सेंटरवर असतो त्याचा धाकटा भाऊ. वाळू काढतो, सांडलेलं ताकसुद्धा काढतो. आवाज असा करतो की सोसायटीत कोण काय साफ करतंय हे गुप्त राहत नाही. आणि त्याला ठेवायचं कुठे, हा प्रश्न गाडीच्या कचऱ्यापेक्षा मोठा आहे. आमच्याकडे तो माळ्यावर मावला नाही. बाल्कनीत ठेवावा तर तिथे आधीच पाच वर्षं न चालवलेली सायकल आहे.

या सगळ्या चर्चेत आई गप्प होती. तिने एक दिवस किल्ली घेतली, फूटमॅट बाहेर काढून भिंतीवर आपटले, आणि जुन्या केरसुणीचा बुंधा धरून कार्पेट खरवडून काढलं. वाळू निघाली. फटीतली नाही निघाली, पण बाकीची निघाली. मी तिला म्हटलं, "आई, यासाठी यंत्र आणतोय ना आपण." ती म्हणाली, "आण की. आधी झाडून घेतलं म्हणजे त्याला सोपं जाईल." लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. आता त्या पाटावर हे नवीन यंत्रही ठेवायचं का, असा प्रश्न मुलीने विचारला. आईने क्षणभर विचार करून सांगितलं, की ठेवायला हरकत नाही, पण चालू करायचं नाही, दिवा विझेल.

आधी झाडून घ्यावं, या तिच्या म्हणण्यात अभियंत्यांनीही दोष काढला नसता. गाडीच्या सफाईत मेहनतीचा मोठा भाग यंत्राआधीचा असतो. मॅट बाहेर काढून आपटणं, कडक ब्रशने कार्पेट उलटसुलट घासणं, सीट पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे सरकवणं. त्यानंतर नोझल सावकाश फिरवायचं. इस्त्री फिरवतो तेवढ्याही वेगात नाही. घाईघाईने पुढेमागे केलं की हवेला वाळू उचलायला वेळच मिळत नाही.

म्हणून माझा निवाडा असा. खाली स्वतःचा प्लग असेल आणि घरात जागा असेल, तर छोटा ड्रमवाला घ्या. तो गाडीबरोबर सोफाही करतो. प्लग नसेल तर बॅटरीवाला घ्या आणि तो घरात चार्जिंगला ठेवा. सॉकेटवाला घ्यायचा तर चिवड्यापुरता, आणि त्याची वायर डिकीपर्यंत पोचते का ते दुकानातच मोजून पाहा. खोक्यावरच्या पास्कलपेक्षा आतल्या तोंडांकडे लक्ष द्या: एक लांब चपटं नोझल त्या फटीसाठी, एक ब्रशचं सीटसाठी, आणि वाकणारी नळी. ती नसेल तर पट्टीखालचं डाळं तुमच्याकडे बघून हसेल. फिल्टर धुता येणारा हवा, आणि तो हाताने, स्क्रू ड्रायव्हरशिवाय निघायला हवा. सुटा फिल्टर वेगळा मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. मिळत असेल तर त्याच दिवशी दुसरा घेऊन ठेवा. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळायला चोवीस तास लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त, आणि गाडी साफ करायची हुक्की नेमकी फिल्टर ओला असतानाच येते.